खड्डा गेला, वळ राहिला

खड्डा म्हटला की आपल्याला दोनच आठवतात. एक, रोज सकाळी ऑफिसला जाताना बाईकची आणि कंबरेची परीक्षा घेणारा. दुसरा, शाळेच्या सहलीत काठावर उभं राहून बघितलेला लोणारचा. पहिल्याबद्दल बोलावं तेवढं थोडं. दुसऱ्याबद्दल पाठ्यपुस्तकातली चार वाक्यं तोंडपाठ असतात: आकाशातून उल्का आली, जोरात आदळली, खड्डा पडला, त्यात खारं पाणी साठलं. मार्क मिळाले, विषय संपला.

आज लंच-टेबलावर टाकायला जो खड्डा आणलाय, तो या दोघांचाही बाप आहे. पृथ्वीवर आजवर खात्रीने ओळखलेल्या उल्का-विवरांमध्ये हा सगळ्यात मोठा. फक्त एक गोची आहे. तिथे गेलात तर खड्डा दिसतच नाही. उलट टेकड्या दिसतात!

नाव आहे व्रेडेफोर्ट. देश दक्षिण आफ्रिका. जोहान्सबर्गपासून नैऋत्येला साधारण १२० किलोमीटर. व्हाल नदीच्या काठी पारेस नावाचं छोटं गाव आहे, ज्याला फ्रान्सच्या पॅरिसचं नाव दिलंय. मुंबई-पुण्याच्या माणसाला लोणावळा, तसं जोहान्सबर्गच्या नोकरदारांना हे पारेस. शनिवारी गाडी काढायची, नदीत राफ्टिंग करायचं, कॉफी प्यायची, रविवारी संध्याकाळी परत. त्यातल्या कितीजणांना माहीत असतं कोण जाणे, पण हे सगळं ते पृथ्वीवरच्या एका महाभयंकर धडकेच्या अगदी मधोमध बसून करत असतात. २००५ साली युनेस्कोने या जागेला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. आणि गंमत बघा, 'व्रेडेफोर्ट'चा अर्थ होतो शांतीचा किल्ला.

सात सेकंदांत मुंबई-पुणे

गोष्ट आहे साधारण २०२ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीची. चूकभूल द्यावी घ्यावी, पुढेमागे ४० लाख वर्षं. डायनोसॉर वगैरे विसरा, ते फार नंतरचे. जमिनीवर तेव्हा गवताचं पातंही नव्हतं. जीवसृष्टी म्हणजे पाण्यातले सूक्ष्मजीव, बस्स. म्हणजे या धडकेला ना कुणी साक्षीदार, ना कुणी रडायला.

वरून आलेला दगड केवढा होता? आधीचे अंदाज १० ते १५ किलोमीटर व्यासाचे होते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या कॉम्प्युटर सिम्युलेशनने तो २० ते २५ किलोमीटरपर्यंत नेला. एव्हरेस्ट समुद्रसपाटीपासून नऊ किलोमीटरही उंच नाही, यावरून काय ते समजा. वेग धरा सेकंदाला २० किलोमीटरच्या आसपास. या स्पीडने मुंबई ते पुणे साडेसात सेकंदांत! एक्स्प्रेसवे नको, टोल नको.

एवढा मोठा दगड एवढ्या वेगाने आदळला की खडक खडकासारखा वागत नाही. काही मिनिटांपुरता तो चक्क द्रवासारखा वाहतो. चहाच्या कपात वरून एक थेंब पडू द्या आणि नीट बघा. आधी खळगा पडतो, मग खळग्याच्या मधून एक थेंब उलटा वर उसळतो, आणि बाहेर गोल लाटा पसरतात. व्रेडेफोर्टला नेमकं हेच झालं. फरक एवढाच की इथे चहाच्या जागी पृथ्वीचं कवच होतं, आणि मधून वर उसळलेला 'थेंब' म्हणजे कित्येक किलोमीटर खोलवरचा ग्रॅनाइट. चहा पुन्हा सपाट होतो. इथे मात्र खडक वर आल्यावर तिथेच थिजला.

तयार झालेल्या विवराचा व्यास होता २५० ते ३०० किलोमीटर. ३०० हा आकडा पकडून नकाशावर ठेवून बघू. एका काठावर मुंबई, समोरच्या काठावर कोल्हापूर आणि मध्यबिंदू जवळजवळ महाबळेश्वर. पुणे, सातारा, रत्नागिरी सगळी पोटात. त्यापुढे आपलं लोणार जेमतेम १.८ किलोमीटरचं, म्हणजे नकाशावर पेन्सिलीचं टोक टेकवल्यासारखं. डायनोसॉरचा निकाल लावणारं मेक्सिकोतलं चिक्शुलुब विवरसुद्धा २०० किलोमीटरच्या आतबाहेर आहे.

मग खड्डा गेला कुठे?

झिजून गेला. ऊन, पाऊस, वारा, नद्या आणि प्रचंड वेळ. व्रेडेफोर्टच्या जागेवरून तेव्हापासून आजपर्यंत सुमारे ७ ते १० किलोमीटर जाडीचा खडक धुपून गेलाय. आकडा ऐकायला अचाट वाटतो, पण वर्षांवर वाटून टाकला तर काहीच नाही. १० किलोमीटर धरले तरी सरासरी दहा लाख वर्षांना पाच मीटर. एवढ्या हळू चालणाऱ्या कामाकडे कुठला बॉस लक्ष देणार? पण न थकता, सुट्टी न घेता दोनशे कोटी वर्षं काम चालू राहिलं, की पृथ्वीवरचा सगळ्यात मोठा खड्डा पण सपाट होतो. मध्ये काही काळ हा भाग नव्या गाळाखाली गाडलाही गेला. त्यातले साधारण ३० कोटी वर्षांपूर्वीचे थर आग्नेयेला अजून आहेत. त्यांच्याखाली वर्तुळाचा तो भाग झाकला गेलाय, म्हणून उपग्रहाच्या फोटोत पूर्ण वर्तुळ न दिसता टेकड्यांची चंद्रकोर दिसते.

म्हणजे आज आपण जे बघतो ते विवर नाही. विवराचा काठ गेला, तळ गेला, तळात साचलेला वितळलेल्या खडकाचा तलाव गेला. उरलाय तो त्या सगळ्याच्या खालचा भाग. कुणी सणसणीत मारल्यावर चामडीवर वळ उमटतो ना, तसं. मारणारा हात गेला, आवाज विरला, वळ मात्र राहिला.

आणि या वळाचं चित्र फार देखणं आहे. ऑफिसात टेबलावर कागदांचा गठ्ठा आहे आणि खालून कुणीतरी मूठ वर ढकलली असं समजा. मधले कागद फुगून वर येतील, बाजूचे उभे राहतील. आता धारदार सुरी घेऊन तो फुगवटा आडवा छाटून टाका. कापलेल्या भागावर काय दिसेल? आडव्या चिरलेल्या कांद्यासारखी वर्तुळं. सगळ्यात मधे सगळ्यात खालचा कागद, बाहेर जाऊ तसे वरवरचे.

व्रेडेफोर्टला मधला सुमारे ४० किलोमीटरचा गाभा ग्रॅनाइटचा आणि पट्टेदार नाईस खडकाचा आहे. (हो, खडकाचं नावच नाईस. स्पेलिंग वेगळं आहे, पण भावना पोचल्या.) हे खडक ३०० कोटी वर्षांहून जुने. त्याभोवती गाळाच्या आणि लाव्हाच्या थरांची कॉलर. एके काळी आडवे पसरलेले हे थर इथे उभे झालेत, आणि काही ठिकाणी तर पार उलटे. जुना थर वर आणि नवा खाली! त्यातले कठीण क्वार्टझाइटचे थर कमी झिजले, मऊ थर जास्त झिजले. पारेसच्या आसपासच्या टेकड्यांची रांग म्हणजे ते कठीण थर. म्हणजे टेकड्यांचं वर्तुळ हा विवराचा काठ नव्हेच. खरा काठ तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटर लांब, आणि तोही हवेत, आजच्या जमिनीच्या कितीतरी वर होता.

गाभ्याकडून कॉलरच्या दिशेने चालत गेलात तर तुम्ही खरं म्हणजे लिफ्टने वर येत असता. पृथ्वीच्या पोटातला खोलवरचा मजला, मग त्यावरचा, मग त्यावरचा. एरवी असा प्रवास करायला कित्येक किलोमीटर ड्रिल करावं लागतं. इथे बूट घातले की झालं.

पुरावा दाखवा!

आता एक साधा प्रश्न. खड्डा नाही, उल्केचा तुकडा नाही, साक्षीदार नाही. मग उल्का पडली हे कशावरून?

हा प्रश्न विचारणारे तुम्ही पहिले नाही. यावर भूवैज्ञानिकांचं जवळजवळ अर्ध्या शतकाहून जास्त काळ भांडण चाललं. १९३७ साली बून आणि ऑलब्रिटन या दोघांनी इथे उल्कापात झाला असावा अशी कल्पना मांडली. १९४७ मध्ये रेजिनाल्ड डॅली या मोठ्या भूवैज्ञानिकाने ती उचलून धरली. पण अनेकांना, त्यात दक्षिण आफ्रिकेतल्या जाणकारांना, ते पटेना. त्यांचा मुद्दा अगदीच हवेतला नव्हता. त्याच प्रदेशात उत्तरेकडे बुशवेल्ड म्हणून शिलारसाचा अवाढव्य साठा आहे, आणि तो साधारण त्याच काळातला, थोडासाच आधीचा. म्हणजे जमिनीच्या पोटातून मोठ्या उलाढाली होत होत्या हे उघड होतं. मग घुमट वर यायला आकाशातून दगड कशाला हवा? आतूनच स्फोट झाला असेल!

म्हणजे खरा वाद एवढाच: दणका वरून बसला की खालून?

उत्तर द्यायला खडकांनाच बोलतं करावं लागलं. पहिला साक्षीदार 'शॅटर कोन'. खडकाच्या फुटलेल्या पृष्ठभागावर घोड्याच्या शेपटीसारख्या रेघा, एका टोकापासून पसरत जाणाऱ्या. धक्क्याची लाट खडकातून प्रचंड वेगाने गेली की हे शंकू होतात. निसर्गात ते फक्त उल्कापाताच्या जागी सापडतात. १९६१ च्या सुमारास रॉबर्ट डिट्झ आणि रॉबर्ट हारग्रेव्ह्ज यांनी व्रेडेफोर्टचे शॅटर कोन पुढे आणले.

दुसरा साक्षीदार जास्त पक्का. १९७८ साली इथल्या क्वार्टझाइटमध्ये कोएसाइट आणि स्टिशोव्हाइट ही खनिजं सापडली. दोन्ही म्हणजे आपली साधी वाळूच, पण महाभयंकर दाबाखाली पिळून निघालेली. स्टिशोव्हाइट व्हायला जेवढा दाब लागतो, तेवढा पृथ्वीच्या पोटात शेकडो किलोमीटर खोलीवर असतो. कॉलरमधला हा क्वार्टझाइट तर एवढ्या खोल कधी गेलेलाच नाही. म्हणजे दाब त्याच्याकडे आला, तो दाबाकडे गेला नाही.

तिसरा साक्षीदार काळा आहे. पारेसजवळच्या ग्रॅनाइटच्या खाणींमध्ये करड्या-गुलाबी दगडातून काळ्या, काचेसारख्या शिरा गेलेल्या दिसतात. कुठे बोटाएवढ्या, कुठे माणसाहून रुंद. खडक क्षणात फुटला, घासला गेला, वितळला आणि फटींमध्ये थिजला. १९१६ साली शँड नावाच्या भूवैज्ञानिकाने याच पारेसच्या खडकाला 'स्यूडोटॅकिलाइट' असं जिभेची कसरत करायला लावणारं नाव दिलं. आज जगभर तेच वापरतात.

आणि चौथा साक्षीदार, ज्याने केस जवळपास संपवली. वर जो वितळलेल्या खडकाचा तलाव होता तो झिजून गेला, पण त्यातला थोडा रस भेगांमधून खाली उतरला होता. त्याच्या भिंतींसारख्या पट्ट्या आज उघड्या पडल्यात. त्या खडकाला ग्रॅनोफायर म्हणतात. १९९६ साली त्यातला ऑस्मियम हा धातू तपासला. पृथ्वीच्या कवचातलं ऑस्मियम आणि उल्केतलं ऑस्मियम यांच्या समस्थानिकांचं प्रमाण वेगळं असतं. ग्रॅनोफायरमध्ये उल्केची भेसळ निघाली. किती? फार तर ०.२ टक्के!

जरा थांबून विचार करा. डोंगराएवढी ती वस्तू. तिच्यामुळे महाराष्ट्राचा मोठा भाग गिळेल एवढा खड्डा पडला. आणि तिची स्वतःची खूण आज शिल्लक आहे ती चहात टाकलेल्या चिमूटभर सुंठीइतकी. बाकी सगळा वळ.

याच ग्रॅनोफायरच्या दगडांवर पुढे कधीतरी खोइ-सॅन लोकांनी प्राण्यांची चित्रं कोरली. त्यांना ऑस्मियम माहीत नव्हतं. पण आजूबाजूच्या दगडांहून हा दगड वेगळा आहे एवढं त्यांच्या नजरेने हेरलं असणार.

तुमच्या गळ्यातली चेन

इथपर्यंत वाचून 'बरं, मग आमचं काय?' असं वाटत असेल, तर गळ्यातल्या चेनला किंवा बोटातल्या अंगठीला हात लावा.

व्रेडेफोर्टच्या भोवती विटवॉटर्सरँड नावाचं गाळाच्या थरांचं खोरं आहे. त्यात सोनं आहे. माणसाने आजवर जेवढं सोनं खणून काढलं, त्याचा पाव हिस्सा तरी या एका खोऱ्यातून आलाय. सोनं वितळवून पुन्हापुन्हा वापरलं जातं, त्यामुळे आजीच्या पाटल्या मोडून केलेल्या तुमच्या दागिन्यात त्यातलं थोडं असण्याची शक्यता बऱ्यापैकी आहे.

आता लगेच 'उल्केने सोनं आणलं' असा फॉरवर्ड करू नका. ही गोष्ट ऐकायला भारी आहे, पण खोटी आहे. ते सोनं धडकेच्या आधीच तिथे होतं, साधारण ८० कोटी वर्षं आधीपासून. जुन्या नद्यांनी आणून टाकलेल्या गारगोटीच्या गोट्यांच्या थरांत ते बसलेलं होतं. मग उल्केने केलं काय? तर वाचवलं. मधला घुमट वर आला तेव्हा त्याच्या भोवतीचे थर खाली खचले आणि वर धडकेचा मलबा पसरला. सोन्याचे थर खाली गेले, झाकले गेले. पुढची दोनशे कोटी वर्षं वरचा खडक किलोमीटर-किलोमीटरने धुपत होता, तेव्हा सोनं खाली लॉकरमध्ये सुरक्षित होतं. एरवी बरंचसं नद्यांबरोबर कधीच वाहून गेलं असतं.

आणि लॉकरचं दार उघडलं १८८६ साली. विटवॉटर्सरँडच्या उत्तर कडेला सोन्याचा थर जमिनीवर सापडला आणि त्याच वर्षी माळरानावर जोहान्सबर्ग वसलं. नदी नाही, बंदर नाही, फक्त सोन्यासाठी उभं राहिलेलं शहर. सोन्यामागे पैसा आला, पैशामागे जगभरची माणसं. वकिली करायला गांधी याच शहरात राहिले. १९१२ साली गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा जोहान्सबर्गच्या भारतीयांच्या सभेत कुठल्या भाषेत बोलायचं हा प्रश्न आला. सभेत कोकणी मुसलमान होते, थोडे मराठी हिंदू होते. गांधींनी आग्रह केला, मराठीतच बोला, मी हिंदुस्थानीत सांगतो. आणि गोखले सोन्याच्या त्या शहरात मराठीतून बोलले. उल्कापात ते मराठी भाषण, दोन्हींना जोडणारा दुवा एकच: खाली वाचून राहिलेलं सोनं.

पण या लॉकरमधून सोनं काढणं स्वस्त नव्हतं. थर कलत कलत खोल जातात, म्हणून खाणीही खोल जात गेल्या. जोहान्सबर्गच्या नैऋत्येची म्पोनेंग खाण जवळजवळ चार किलोमीटर खोल गेलीय. तिथला खडक ६० अंशांच्या वर तापलेला असतो, बर्फ आणि थंड हवा खाली सोडल्याशिवाय माणूस उभा राहू शकत नाही. आणि सोनं ज्या दगडात आहे तो गारगोटीचा. तो फोडला की बारीक धूळ उडते, ती फुप्फुसात जाते आणि सिलिकोसिस होतो. पिढ्यान् पिढ्या काळ्या खाणकामगारांनी ही धूळ खाल्ली. खाणकंपन्यांविरुद्धचा त्यांचा खटला वर्षानुवर्षं चालला. अखेर २०१९ साली जोहान्सबर्गच्या हायकोर्टाने किमान ५०० कोटी रँडच्या भरपाईच्या तडजोडीला मंजुरी दिली. तोवर किती जण उरले नव्हते.

म्हणजे धडकेची किंमत त्या दिवशी कुणालाच मोजावी लागली नाही, कारण मोजणारं कुणी नव्हतंच. किंमत मोजली ती दोनशे कोटी वर्षांनंतर, लिफ्टने अंधारात उतरणाऱ्या माणसांनी. सोन्याच्या दुकानात घडणावळीवरून घासाघीस करताना ही ओळ बिलात नसते, एवढंच.

आपल्याकडे काय?

'जोहान्सबर्गचं तिकीट कोण काढणार?' हा प्रश्न रास्त आहे. मग मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यात जा. तिथल्या ढाला गावाजवळ असंच एक झिजून गेलेलं विवर आहे. आज त्याची खूण सुमारे ११ किलोमीटरच्या वर्तुळाएवढी. वय १७० ते २५० कोटी वर्षांच्या मधलं. तिथेही खड्डा नाही. वर्तुळाच्या मधोमध उलट उंचवटा आहे, आणि तो धडकेनंतर साचलेल्या गाळाचा. इथल्या खडकांना आधी ज्वालामुखीचे मानत होते. भारतीय भूवैज्ञानिकांनी दगडांचे पातळ काप मायक्रोस्कोपखाली ठेवले, क्वार्ट्झच्या दाण्यांमध्ये धक्क्याच्या रेषा सापडल्या आणि २००८ साली ढाला हे उल्का-विवर असल्याचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. वाद तोच, वरून की खालून, आणि निकालही तोच. राजस्थानात बारां जिल्ह्यात रामगढचं विवरही आहे.

आणि लोणार? आपलं लोणार या कुटुंबातलं बाळ. त्याच्या वयाचे अंदाज बदलत आलेत. २०१० च्या सुमारास आर्गॉन पद्धतीने केलेल्या मोजणीत ते ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. ते अजून वाटीसारखं गोल आहे, काठ जागेवर आहे, तळात पाणी आहे. पण खोली आहे साधारण दीडशे मीटर. व्रेडेफोर्टसारखी झीज इथे झाली तर वळसुद्धा शिल्लक राहणार नाही. व्रेडेफोर्ट टिकलं कारण त्याचा घाव कवचात कित्येक किलोमीटर खोल गेला होता. लहान घाव पूर्ण पुसले जातात. चंद्रावर ना पाऊस ना नदी, म्हणून तिथे विवरांचा खच दिसतो. पृथ्वीवर पक्की ओळखलेली जेमतेम दोनशेच्या आसपास. मार आपल्यालाही बसला होताच, पण आपल्या घरात पुसणारं माणूस रोज येतं.

म्हणून लोणारला गेलात तर दोन कामं करा. एक, काठावर उभं राहून सेल्फी झाल्यावर थोडा वेळ नुसतं बघा. एवढं अख्खं विवर जगात फार कमी ठिकाणी बघायला मिळतं. दोन, आठवण म्हणून तिथला दगड खिशात टाकू नका. असल्या जागांची केस कोर्टात उभी राहते ती दगडांच्याच साक्षीवर, आणि साक्षीदार पळवणं हा गुन्हा असतो.

व्हाल नदी हे काम आधीच करतेय. ती व्रेडेफोर्टच्या घुमटातूनच वाहते. तिच्या काठची वाळू संशोधकांनी चाळून बघितली, तेव्हा त्यात झिरकॉनचे बारीक दाणे मिळाले, आणि त्यांच्या आत त्या धडकेच्या रेघा अजून स्पष्ट होत्या. पारेसला राफ्टिंग करून आलेला कुणी जोहान्सबर्गकर सोमवारी सकाळी ऑफिसचे बूट झटकत असेल, तर त्या वाळूत एखादा तसला दाणा असायला हरकत नाही.